पाच वाजता नेमकी कुणाची सकाळ होते?

गेल्या सेमिस्टरच्या शेवटी नोटीस बोर्डावर हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. त्यात माझं नाव चौथं होतं. पहिल्या तासाची हजेरी ६८ टक्के. लागते ७५. ऑफिसातून एक छापील फॉर्म मिळाला: कारण लिहा, पालकांची सही आणा, पुन्हा असं होणार नाही अशी हमी द्या. कारणाच्या रकान्यात मी अगदी प्रामाणिकपणे लिहिलं, "सकाळी लवकर उठणे जमत नाही."

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस होता, म्हणून त्या दिवशी मी साडेपाचलाच उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. मम्मी चपात्या लाटत होती. तिनं पीठ लागलेले हात पदराला पुसले, फॉर्म नीट वाचला आणि सही केली. मग म्हणाली, "जमत नाही होय? बरं. मला जमतंय काय, ते कुणी विचारलं नाही बघ."

ती रागावली नव्हती. एवढं बोलून ती पुन्हा तव्याकडे वळली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले आणि म्हणाले, लिही यावर. लिहायला बसलो तर प्रश्नावर प्रश्न निघत गेले. लवकर म्हणजे किती वाजता? कुणाच्या घड्याळानं? उठणं न जमणं हा आळस असतो की शरीराचा धर्म? आणि सवय लागते म्हणजे नेमकं काय होतं? मला जे सापडलं ते इथं मांडतो.

घड्याळाचे पाच आणि सूर्याचे पाच

हल्ली पुस्तकांच्या दुकानात, रील्समध्ये, व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत एकच आकडा कानावर पडतो: पाच. रॉबिन शर्मा यांचं 'द फाइव्ह ए.एम. क्लब' २०१८ साली आलं, तेव्हापासून तर पाचचा मंत्रच झालाय. पण हे पाच सगळीकडे सारखे नसतात.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. आपलं बेळगाव साधारण ७४.५ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या ८ अंश पश्चिमेला आहे. आठ चोक बत्तीस. मनगटावरच्या घड्याळापेक्षा आपला सूर्य सरासरी ३२ मिनिटं मागे चालतो. मुंबई शहरानं तर १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यावरही आपली ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

त्यात ऋतूंची भर. बेळगावात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि जानेवारीच्या मध्याला सात वाजून गेल्यावर. कोलकात्यात जूनमध्ये पाच वाजायच्या आतच सूर्य वर आलेला असतो. म्हणजे कोलकात्याच्या मुलानं जूनमध्ये पाचला उठणं हे सूर्याबरोबर उठणं झालं. मी जानेवारीत पाचला उठलो तर सूर्याच्या दोन तास आधी उठतो. सल्ला एकच, पण त्याची किंमत दोघांना वेगवेगळी पडते.

हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठातल्या लोकांसाठी नियमावली लिहिली. तीत उठण्याची वेळ वर्षभर एक ठेवलेली नाही. नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे मोठ्या रात्रींच्या दिवसांत, निम्म्याहून थोडी जास्त रात्र झोप व्हावी आणि मगच उठावं असा हिशोब आहे. आणखी एक गंमतीची गोष्ट तिथं सापडते. उठताना एकमेकांना हळूच उत्तेजन द्या, कारण झोपाळू लोकांकडे सबबी तयार असतात, अशा अर्थाची सूचना त्यात आहे. दीड हजार वर्षांपूर्वीही कारणाचा रकाना भरणारे होते म्हणायचे!

आजीची पहाट

माझी आजी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती 'साडेपाच' कधी म्हणत नाही. ती म्हणते, "तांबडं फुटायच्या आत पाणी भरून व्हायचं." मी तिच्याजवळ बसून पहाटेचे शब्द उतरवून घेतले. उत्तररात्र, पहाट, झुंजुमुंजू, तांबडं फुटलं, फटफटलं, उजाडलं, कोवळं ऊन पडलं आणि शेवटी, दिवस कासराभर वर आला. कासरा म्हणजे बैलाला बांधायचा दोर. क्षितिजापासून सूर्य तेवढ्या लांबीएवढा वर आला, हे शेतकऱ्याचं मोजमाप.

हे शब्द मला आधी नुसते काव्यमय वाटायचे. मग लक्षात आलं, ही तर मोजपट्टी आहे. खगोलशास्त्रातही सूर्योदयाआधीच्या उजेडाचे तीन टप्पे मानतात. सूर्य क्षितिजाच्या खाली १८ अंशांवर असताना पहिला पुसट उजेड सुरू होतो. १२ अंशांवर क्षितिजाची रेषा ओळखू येऊ लागते. ६ अंशांवर दिवा न लावता बाहेरची कामं करता येतात. बेळगावच्या अक्षांशावर पहिला टप्पा सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी येतो आणि तिसरा वीस-बावीस मिनिटं आधी. पहाट, झुंजुमुंजू आणि तांबडं हे शब्द या तीन टप्प्यांशेजारी ठेवून बघा. ही जुळणी मी केलेली आहे, शब्दकोशातली नाही. पण आजीला सांगितली तेव्हा तिनं मान डोलावली.

ब्राह्ममुहूर्ताचंही तसंच. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे तोही सूर्याबरोबर पुढे-मागे सरकतो. जुनं 'लवकर उठणं' उजेडाशी बांधलेलं होतं, आकड्याशी नव्हतं. शिवाय त्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. दिव्यातलं तेल जपायचं असल्यामुळे माणसं लवकर झोपायचीही. रात्री एक वाजेपर्यंत वेब सिरीज बघून ब्राह्ममुहूर्तावर उठा, असं कुठल्याही परंपरेनं सांगितलेलं नाही.

मराठी साहित्याचा विद्यार्थी म्हणून इथं एक गोष्ट नोंदवायलाच हवी. या पहाटेच्या वेळेत आपल्या भाषेतलं एक प्रचंड साहित्य जन्माला आलं: जात्यावरच्या ओव्या. दिवसभराचं पीठ सकाळी तयार हवं, म्हणून बायका पहाटे दळायला बसत. एकटीनं दळणं जड जातं, दोघी बसल्या तर खुंटा दोघींच्या हातात, आणि तालाला गाणं. मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता इंटरनेटवर वाचता आणि ऐकताही येतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण लिहायला घेतलं तेव्हा त्यांनीही ओवीच निवडली. ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं आणि त्यात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांच्या बांधणीत फरक आहे, पण लोकांच्या कानात आधीपासून असलेली ओवी त्यांनी ग्रंथात घेतली एवढं खरं.

आजीला मी विचारलं, "तुला गायला आवडायचं म्हणून उठायचीस?" ती म्हणाली, "खुळा काय तू? उठावं लागायचं म्हणून गायचो."

हे उत्तर मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय. ओव्या कितीही सुंदर असल्या तरी त्यांच्या मुळाशी सक्तीचं जागरण होतं, हे पेपरात उत्तर लिहितानाही मी यापुढे विसरणार नाही.

शरीर जागं कसं होतं

आता माझ्या बाजूचं थोडं. अलार्म वाजतो, मी तो बंद करतो, आणि नंतर मला ते आठवतही नाही. असं का होतं?

झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते जितकं जास्त, तितकी पेंग जास्त. झोपेत ते उतरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन हे अ‍ॅडेनोसिन घालवत नाही, फक्त त्याची जागा अडवून बसतं. म्हणून चहाचा असर ओसरला की पेंग परत येते. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेली कॉफी दोन वाजता अर्धी शिल्लक असते ती अशी.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. डोळ्यांच्या मागे मेंदूत पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तो जवळपास चोवीस तासांचा ठेका धरतो. पेशींच्या आत हा ठेका कसा चालतो ते माशीवरच्या प्रयोगांतून शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज थोडं पुढे-मागे होतं आणि ते जुळवायचं मुख्य साधन आहे उजेड. डोळ्यात काही खास पेशी आहेत. चित्र दिसण्यापेक्षा बाहेर किती उजेड आहे एवढं मोजणं हे त्यांचं काम. सकाळी त्यांना भरपूर उजेड मिळाला की घड्याळ पुढे सरकतं आणि रात्री झोपही लवकर येते. रात्री उशिरा उजेड मिळाला की उलटं.

इथं 'भरपूर' या शब्दाला अर्थ आहे. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर तो काही हजार लक्स असतो. आपल्या डोळ्याला हा फरक एवढा जाणवत नाही, पण शरीराच्या घड्याळाला जाणवतो. म्हणून खोलीत दिवा लावून बसण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं बाहेर जाऊन येणं कितीतरी जास्त काम करतं.

झोपेतून उठल्याबरोबर मेंदू एकदम पूर्ण चालू होत नाही. पहिली १५ ते ३० मिनिटं, कधी त्याहूनही जास्त, डोकं जड राहतं, निर्णय चुकतात, आठवण नीट राहत नाही. मी अलार्म बंद करून विसरतो तो याच धुक्यात. स्नूझ दाबून मिळणाऱ्या नऊ-दहा मिनिटांत गाढ झोप काही मिळत नाही, नुसते तुकडे मिळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'आज उठायचं की नाही' हा निर्णय आपण दिवसातल्या सगळ्यात मंद क्षणी घ्यायला ठेवतो. तो रात्रीच घेऊन ठेवायला हवा.

एकविसाव्या वर्षाची सबब

वाचता वाचता मला एक खजिना मिळाला. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हजारो लोकांच्या झोपेच्या वेळांवरून दाखवून दिलं की पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ उशिरा-उशिरा सरकत जातं. मुलींमध्ये हा उशीर साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी आणि मुलांमध्ये एकविसाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर ते पुन्हा हळूहळू लवकरच्या बाजूला येऊ लागतं. म्हाताऱ्या माणसांना पहाटे आपोआप जाग येते ती त्यामुळेच.

म्हणजे मी, एकवीस वर्षांचा मुलगा, बरोब्बर शिखरावर! मी हे मोठ्या आनंदानं मम्मीला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "एकविसावं लागून तुला आठ महिने झाले की. मग आता उतरायला लागलास म्हणायचं. ऊठ."

हसणं झाल्यावर ती जरा थांबून म्हणाली, "मी एकवीसची होते तेव्हा तुझ्या पप्पांची फर्स्ट शिफ्ट होती."

पप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. फर्स्ट शिफ्ट सातला सुरू होते. डबा साडेसहाला तयार लागतो. म्हणजे रोनेबर्ग यांनी सांगितलेलं उशिरा चालणारं घड्याळ माझ्या मम्मीलाही तेव्हा होतंच. तिच्या वयाच्या सगळ्या सुनांना होतं. फक्त त्यासाठी कुठला फॉर्म नव्हता.

विज्ञान खरं आहे. माझ्या वयाला सकाळ जड जाते हे खोटं नाही, आणि कॉलेजचा पहिला तास थोडा उशिरा ठेवला तर फायदा होईल यावर चर्चाही व्हायला हवी. पण त्या विज्ञानाची सवलत घरात कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, हा प्रश्न वेगळाच आहे.

वहीतली सकाळ

मग मी एक साधा प्रयोग केला. चौदा दिवस एक वही स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि घरातलं कोण किती वाजता उठतं आणि आठपर्यंत काय काय करतं ते लिहीत गेलो. मी झोपलेलो असतानाच्या नोंदी आजीनं तोंडी सांगितल्या आणि धाकट्या बहिणीनं लिहिल्या. ती पीयूसीला आहे आणि माझ्यापेक्षा आधी उठते.

मम्मी रोज ४.५० ला उठते. चूल पेटवल्यापासून ती साडेआठला कामावर जायला निघेपर्यंत मी सतरा वेगवेगळी कामं मोजली. पप्पांचा डबा, आजीच्या गोळ्या, दूध आणणं, बहिणीची वेणी, कपडे भिजवणं, अंगण झाडणं. आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी. आमच्या गल्लीत पाणी सुटतं ते पहाटे. नळातून आधी हवेचा सूं सूं आवाज येतो. तो आवाज आला की पिंप, घागरी, बादल्या, सगळं भरून घ्यायचं, कारण तासाभरात पाणी जातं. आमच्या घरातला खरा अलार्म तो नळ आहे.

माझ्या नावापुढे तीन कामं होती: उठणे, फोन बघणे, आंघोळ. त्यातलं दुसरं सरासरी पंचवीस मिनिटं चालायचं.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातल्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. असं काम करणाऱ्या पुरुषांचा जातो ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांत ८१ टक्क्यांच्या वर, तर पुरुषांत २६ टक्के. म्हणजे चारातल्या जवळपास तीन पुरुषांचा तर यात हिशोबच नाही.

सकाळच्या शिस्तीवरची पुस्तकं मी आता वेगळ्या नजरेनं वाचतो. पाचला उठा, वीस मिनिटं व्यायाम, वीस मिनिटं चिंतन, वीस मिनिटं वाचन. छान आहे. पण त्या साठ मिनिटांत चहा कोण ठेवतं, हे त्या पानांवर नसतं.

सवय लागते म्हणजे काय

'एकवीस दिवस करा, सवय लागते' असं आपण सगळीकडे ऐकतो. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. किमान हा शब्द वाटेत गळाला आणि चेहराही गळाला. उरले एकवीस दिवस.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एकच नवं काम ठरलेल्या वेळी करायला लावून ते मोजलं. ते काम आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ दिवस पुरतील आणि कुणाला २५४ लागतील, एवढा फरक निघाला. त्यातला मला सगळ्यात उपयोगी पडलेला निष्कर्ष असा की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. मी दर वेळी एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यायचो. तिथंच माझी गाडी अडत होती.

सवयीला एक खूण लागते, तिला बांधूनच ती लागते. 'मी लवकर उठेन' हा नुसता संकल्प झाला. 'कुकरची पहिली शिट्टी झाली की मी पाय जमिनीवर ठेवेन' ही खूण झाली. ही 'अमुक झालं की तमुक' अशी वाक्यं आधीच ठरवून ठेवली तर काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. कारण मग त्या मंद क्षणी निर्णय घ्यावाच लागत नाही.

मग मी काय करतो

आधी मी पाणी भरायचं काम घेतलं. ते चुकलं. पाणी रोज सुटत नाही, त्यामुळे खूणच रोज मिळेना आणि सवय काही लागेना. मग दूध आणायचं घेतलं. पहिला चहा रात्रीच्या उरलेल्या दुधाचा होतो, त्यामुळे दुधाला पावणेसात चालतात. तोवर जानेवारीतसुद्धा तांबडं फुटलेलं असतं. कोपऱ्यावरचा बूथ सोडून मी मुद्दाम पलीकडच्या बूथवर चालत जातो. जाऊन येऊन अठरा मिनिटं. घड्याळ जुळवायला लागणारा उजेड त्यात आपोआप मिळतो, डोक्यातलं धुकं रस्त्यातच विरतं, आणि मम्मीच्या सतरातलं एक काम कमी होतं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात:

एक, उठायची वेळ ठरवण्याआधी झोपायची वेळ ठरवा. मी साडेअकराला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावतो. अलार्मही तिथंच वाजतो, त्यामुळे बंद करायला उठावंच लागतं.

दोन, पाचचा हट्ट सोडा. सूर्योदयाच्या मागे-पुढे कुठं तरी रोज एकच वेळ धरा. रविवारी फार तर तासभर सूट घ्या. रविवारी दहापर्यंत झोपलं की सोमवारी सकाळी शरीराला परगावाहून आल्यासारखं होतं.

तीन, उठल्यावरचं पहिलं काम घराबाहेरचं असू द्या आणि जमलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं. नुसतं स्वतःसाठी असलं की मी ते टाळतो. दूध नाही आलं तर आजी गप्प बसत नाही.

चार, कॅलेंडरवर खूण करा, चुकलेल्या दिवशीही. आज माझा ५८वा दिवस आहे. त्यात नऊ दिवस चुकलेले आहेत, त्यातले चार पावसाचे.

पाच, तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं ते आठवडाभर लिहून ठेवा. बाकीचे चार मुद्दे विसरलात तरी चालेल, पण हे करा.

पहिल्या तासाची माझी हजेरी या सेमिस्टरला आजवर ८१ टक्के आहे. मम्मीला अजूनही ४.५० लाच जाग येते. बावीस वर्षांचं घड्याळ एका दुधाच्या पिशवीनं बदलत नाही. पण हल्ली ती सव्वापाचपर्यंत अंथरुणातच असते. मी विचारलं, "झोप लागते काय मग?" म्हणाली, "नाही रे. नुसती पडून असते. पण कुणी हाक मारत नाही, ते बरं वाटतं."

शेवटी मंडळाच्या सगळ्यांना एक विनंती. पहाटेचे जे शब्द मी वर दिले ते एकट्या माझ्या आजीचे आहेत. तुमच्यापैकी कुणी चंदगडकडचे आहेत, कुणी निपाणीचे, कुणी गोव्याचे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, घड्याळ हातात नव्हतं तेव्हा ती सकाळ कशी मोजायची. जे शब्द मिळतील ते चिठ्ठीवर लिहून वाचनालयाबाहेरच्या आपल्या फलकावर लावा. पुढच्या अंकासाठी त्यांची एक यादी करू. फलक पहिल्या तासाच्या आधी भरायचा आहे, एवढं लक्षात असू द्या. मी तिथं असेन, म्हणजे बहुतेक दिवस.